वय झालं म्हणजे काय झालं?

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. आठवणींचं गाठोडं पुढच्या वेळी सोडू. गेल्या पंधरा दिवसांत फोनवर, जिन्यात आणि एका लग्नाच्या पंगतीत मिळून अकरा माणसांनी मला एकच वाक्य ऐकवलं. तिथल्या तिथे उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण मी मुळात भिडस्त. (माझ्या माजी विद्यार्थ्यांनी इथे हसू नये.) म्हणून अकरा जणांना मिळून हे एकच उत्तर.

वाक्य असं: "अहो, पण आता तिचं वय झालं ना!"

ती म्हणजे आमची ठकी. २०११ च्या जुलैत, धो धो पावसात, आमच्या बिल्डिंगच्या मीटरबॉक्सखाली ओरडत बसली होती. ह्यांनी ती धोतराच्या फडक्यात गुंडाळून वर आणली आणि "फक्त आजची रात्र" असं मला सांगितलं. ती रात्र अजून चालू आहे. हे २०१९ मध्ये गेले. ठकी आहे. चौदा वर्षं पूर्ण झाली तिला.

२०२२ मध्ये तिला किडनीचा आजार निघाला. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार सर्रास असतो आणि तो बरा होत नाही, फक्त सांभाळता येतो. तेव्हापासून तिचं पथ्याचं खाणं, घरात चार ठिकाणी पाण्याची भांडी, तीन महिन्यांनी रक्ततपासणी, असं आमचं चाललं आहे. आम्ही दोघी एकमेकींच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळून असतो म्हणा ना!

यंदा पावसाळ्यानंतर तिचं वजन चार किलोवरून सव्वातीनवर आलं. भूक होती. वाटीचा आवाज झाला की धावत यायची, तोंड घालायची आणि एकदम मागे सरायची. कधी वाटीवरच फिस्कारायची, जणू वाटीनेच चावा घेतला. मान एका बाजूला कलती करून डावीकडूनच चावायची, घास खाली पाडायची. पाठीवरचे केस चाटून साफ करणं सोडलं, त्यांच्या गाठी झाल्या. आणि सगळ्यात मला लागलं ते हे, की स्वयंपाकघराच्या चौकटीला गाल घासायची तिची रोजची सवय बंद झाली. चौदा वर्षांत त्या चौकटीवर तिच्या उंचीला एक काळपट तेलकट पट्टा उमटला आहे. रंग देताना ह्यांनी तेवढा भाग सोडायला लावला होता.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिचं तोंड जेमतेम उघडून पाहिलं आणि म्हणाले, "किडनीमुळे वजन उतरतंय. दातांना काय, वय झालं. खातेय ना? मग राहू द्या." माणूस चांगला आहे, तीन वर्षं त्यांनीच तिला सांभाळलं आहे. पण हे वाक्य ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हे वाक्य मी स्वतः एकदा बोलले आहे. मांजराबद्दल नव्हे, माणसाबद्दल.

१९८९ ची गोष्ट. आमच्या सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, मधुमेही होत्या. दाढ दुखते म्हणायच्या. म्हणजे एकदाच म्हणाल्या, नंतर म्हणाल्याच नाहीत. लवंगेचा तुकडा दाढेत धरून बसायच्या. ह्यांनी दंतवैद्याचं नाव काढलं तेव्हा मी म्हटलं होतं, "साखर आहे त्यांना, जखम भरायची नाही. आणि या वयात कशाला?" माझी शाळा, दोन मुलं, दहावीच्या पेपरांचे गठ्ठे. मला खरं तर त्यांना घेऊन दवाखान्याच्या चार खेपा घालायच्या नव्हत्या. पण "मला वेळ नाही" असं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "या वयात कशाला?" सासूबाई त्यानंतर आठ वर्षं जगल्या. आठ वर्षं पोळी दुधात भिजवून खाल्ली. आम्ही सगळे म्हणायचो, त्यांना दूधपोळीच आवडते.

आज मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची आहे. आणि "वय झालं" या दोन शब्दांचा खरा अर्थ मला आता नीट कळतो.

माझा मुद्दा एवढाच आहे. "वय झालं" हे कारण नाही. ते कारणावर घातलेलं पांघरूण आहे. त्याखाली वेगवेगळी खरी कारणं झोपलेली असतात: पैसे नाहीत, वेळ नाही, भीती वाटते, जीव फार गुंतलेला नाही, किंवा धोका खरोखरच जास्त आहे. यातलं एकही कारण लाजिरवाणं नाही. पण त्याचं नाव घेऊन बोला. नाव घेतलं की त्याच्यावर विचार करता येतो, कधी उपायही सापडतो. वयावर उपाय नसतो, म्हणून तर ते कारण आपल्याला इतकं सोयीचं वाटतं!

आता "खातेय ना?" या प्रश्नाकडे येते. मांजर दुखणं लपवतं. तो त्याचा स्वभाव आहे; रानात दुबळं दिसणारं जनावर दुसऱ्याचं भक्ष्य होतं. तोंडात ठणका असतानाही मांजर खातं, कारण भूक ठणक्यापेक्षा मोठी असते. कोरड्या दाण्याचे घास न चावता गिळतं. तेव्हा खाणं बंद होण्याची वाट पाहणं म्हणजे विद्यार्थी नापास होईपर्यंत त्याला काही येत नाही हे मान्य न करणं.

मग दुखतं आहे हे ओळखायचं कसं? कॅनडातल्या मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची एक पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळ्यांची मिटण, तोंडाचा ताण, मिशा आणि मान, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामक द्यायचा विचार करावा. पस्तीस वर्षं गुण देण्यात घालवलेल्या बाईला याहून सोपं काम कोणतं? मी सलग चार दिवस दिले. पाच, चार, पाच, पाच.

ही वही घेऊन मी मुंबईतल्या दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले, कारण त्यांच्याकडे जनावरांच्या दातांचा एक्स-रे काढायची सोय आहे. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी ठकीच्या उजव्या बाजूची खालची दाढ दाखवली. हिरडीच्या कडेला गुलाबी खड्डा होता. मांजरांत एक विचित्र विकार होतो, त्यात शरीर स्वतःचाच दात विरघळवून टाकतं. मुळापासून किंवा हिरडीच्या कडेपासून तो पोखरत जातो आणि आतली नस उघडी पडते. ही आपल्यासारखी कीड नव्हे, त्यामुळे सिमेंट भरून भागत नाही. तो दात काढावा लागतो, किंवा मूळ हाडात विरघळून एकजीव झालं असेल तर फक्त वरचा भाग कापून हिरडी शिवतात. यातलं काय करायचं ते एक्स-रेशिवाय कळत नाही आणि एक्स-रे भुलीशिवाय निघत नाही. मांजराला एकूण तीस दात. त्यातले किती गेलेत, हेही भूल दिल्यावरच कळणार.

पण "वजन किडनीमुळे उतरतंय" हे पहिल्या डॉक्टरांचं म्हणणंही खोटं असेलच असं नव्हतं. डॉक्टरबाईंनी त्यावर जे केलं ते मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "आजी, वाद नको, प्रयोग करू." किडनीचा विचार करून, बेताच्या मात्रेत, चार दिवस वेदनाशामक दिलं. किडनीमुळे मळमळ असेल तर नुसतं दुखणं थांबवून फारसा फरक पडायला नको. दातामुळे असेल तर पडायला हवा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते. ठकी आली आणि चौकटीला गाल घासून गेली.

एवढंच. त्या दिवशी तिने पूर्ण वाटी संपवली हे नंतर लक्षात आलं. म्हणजे इतके महिने जे आम्ही "म्हातारपण" म्हणत होतो, ते म्हातारपण नव्हतं. ते दुखणं होतं! म्हातारपण गोळीने उतरत नाही.

इथवर सगळं माझ्या बाजूने झालं. आता विरुद्ध बाजूचंही मांडते, नाहीतर वादाला अर्थ नाही.

भूल हा धोका आहेच. ब्रिटनमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ७९ हजार मांजरांच्या भुलीच्या नोंदी तपासल्या गेल्या. निरोगी मांजरांत मृत्यूचं प्रमाण ०.११ टक्के निघालं, आजारी मांजरांत १.४० टक्के. म्हणजे निरोगी असेल तर साधारण नऊशेत एक आणि ठकीसारखी आजारी असेल तर सत्तरात एक. बारा वर्षांवरच्या मांजरांना धोका अधिक, हेही त्यात आहे. आकडे वीस वर्षांपूर्वीचे आहेत, पण त्यांना उडवून लावायची माझी तयारी नाही. माझ्या वर्गात सत्तर मुलं असायची. सत्तरातलं एक म्हणजे काय, हे मला चेहऱ्यानिशी कळतं.

किडनीच्या रुग्णात मुख्य भीती असते ती भुलीत रक्तदाब खाली जाण्याची. किडनीला रक्त कमी पडलं की उरलीसुरलीही दुखावते. म्हणून किडनी कितपत उरली आहे हे आधी पाहायचं. आयरिस नावाच्या पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय गटाने या आजाराच्या चार पायऱ्या ठरवल्या आहेत. मांजराचं क्रिएटिनिन १.६ ते २.८ असेल तर दुसरी पायरी, ५ च्या वर गेलं की चौथी. ठकीचं २.४ आहे आणि वर्षभर तिथेच आहे. रक्तदाब १५०, १६० पासून पुढे तो जास्त धरतात. थायरॉइड ठीक आहे, हृदयाची सोनोग्राफीही करून घेतली.

हेच क्रिएटिनिन ६ असतं, ती मलूल होऊन पडली असती, किंवा हृदय मोठं झालेलं निघालं असतं, तर मी "नाही" म्हटलं असतं. वेदनाशामक, पातळ खाणं आणि मांडी, एवढ्यावर तिचे दिवस काढले असते. आणि वेदना त्यानेही आवरली नसती, तर पुढचा कठीण निर्णयही घेतला असता. पण तेव्हाही कारण "वय झालं" नसतं. कारण असतं "क्रिएटिनिन ६". फरक कळतो ना?

मी डॉक्टरबाईंना पाच प्रश्न विचारले. ज्यांच्या घरी असं मांजर आहे त्यांनी वाटल्यास उतरवून घ्या. भूल देताना रक्तदाब सतत कोण पाहणार? दात काढणारा हात आणि भूल पाहणारे डोळे एकाच माणसाचे नकोत. सलाईन आधी आणि नंतर किती देणार? कमी चालत नाही आणि जास्त झालं तर फुप्फुसात पाणी होतं. दाढेची नस बधिर करणारं इंजेक्शन देणार का? ते दिलं की भूल हलकी पुरते. नंतर दुखण्यावर काय देणार? सुजेवरची नेहमीची औषधं किडनीला जाचतात. आणि तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा लावणार का? तो लावू नये. जबडा फार ताणला गेला की मेंदूचा रक्तपुरवठा आवळला जातो आणि त्यातून मांजरं आंधळी झाल्याच्या नोंदी आहेत. बाईंनी पाचही उत्तरं नीट दिली. पाचव्या प्रश्नाला त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. मग म्हणाल्या, भूल उतरताना पहिले तीन तास सर्वात जपायचे असतात, तेवढा वेळ मी स्वतः तिच्याजवळ बसेन. आणि काम लांबलं तर उरलेले दात दुसऱ्या खेपेला काढू, एका दमात सगळं उरकायचा हट्ट धरणार नाही.

आता अकरा जणांपैकी काहींना वेगवेगळं.

आमच्या भाच्यास: "माणसांना औषध मिळत नाही आणि तू मांजरावर अठ्ठावीस हजार घालतेस" असं तू म्हणालास. बाळा, तुझा नवा फोन याच्या तिप्पट किमतीचा आहे. तो घेताना तुला माणसं आठवली नाहीत. दोन मुलींची शाळेची फी मी दरवर्षी भरते, ती यंदाही भरली आहे. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याच्याशी माझा वाद नाही. त्याने "मला परवडत नाही" म्हणावं आणि डॉक्टरांना विचारून निदान दुखणं थांबवावं. (घरातली पॅरासिटामॉलची गोळी मात्र मांजराला चुकूनही देऊ नका. तुकड्यानेसुद्धा मरतं.) गरिबीला मी कधीच नावं ठेवली नाहीत. दुसऱ्याच्या गरिबीमागे लपणाऱ्याला ठेवते.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींस: भूल न देता दात साफ करून देणाऱ्या दुकानाचा पत्ता तुम्ही आपुलकीने आणून दिलात. पण त्यात वरवरचं पिवळेपण खरवडलं जातं. रोग असतो हिरडीच्या खाली, आणि जागं मांजर तिथे हात लावू देत नाही. अमेरिकेतल्या पशुदंतवैद्यांच्या संस्थेचाही याला विरोध आहे. भिंत पोपडे धरून पडत असताना वरून चुना फासण्यातला हा प्रकार.

आमच्या लेकीस, तिकडे न्यू जर्सीत: तू म्हणालीस, "आई, विचार कसला करतेस, करून टाक, पैसे पाठवते." राजा, हेही मला तितकंच खटकलं. न पाहता "नको" म्हणणं आणि न पाहता "करून टाक" म्हणणं, या दोन्हींत विचाराची मेहनत वाचते. मला पैसे नको होते. मला कोणीतरी ती वही पाहायला हवी होती.

आणि नणंदबाईंस, ज्या हळूच म्हणाल्या की "दादाची आठवण म्हणून तू तिला धरून ठेवते आहेस". वन्सं, हे एक वाक्य मात्र मी दोन रात्री उशाशी घेऊन झोपले. कारण त्यात खरं असू शकतं. म्हणून मी स्वतःला विचारलं, की समजा ठकी ह्यांनी आणलीच नसती, काल रस्त्यावर सापडली असती, तर मी काय केलं असतं? उत्तर तेच आलं. तिला भूक आहे, ऊन हवं असतं, खिडकीतल्या कबुतरावर अजून दात खाते. (त्या दाढेनेच!) ठकीला अजून जगायचं आहे, फक्त तोंड दुखतं आहे. मी तिचं आयुष्य ताणू पाहत नाही. दात काढल्याने किडनी बरी होईल असं मला कोणी सांगितलेलं नाही. तिच्याकडे वर्ष असेल, दोन असतील. ती ठणक्याशिवाय जावीत, एवढंच.

मी परळची. लहानपणी आम्ही तिथल्या बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालयाला "बैलघोडा हॉस्पिटल" म्हणायचो. सगळेच म्हणायचे. बैल आणि घोडा, म्हणजे काम करणारी जनावरं. त्यांचं दुखणं म्हणजे गाडी बंद, म्हणून त्यांना औषध. त्या नावात मांजर नाही, तसंच काम संपलेली म्हातारी माणसंही आपल्या मनातल्या अशाच एका यादीत नसतात. ज्याचा उपयोग संपला त्याच्या दुखण्याला आपण "वय" म्हणतो. मी म्हटलं होतं, १९८९ मध्ये. सासूबाईंची माफी आता कुठे मागू?

गुरुवारी सकाळी ऑपरेशन आहे. साडेसहाला गाडी सांगितली आहे. रात्री दहानंतर खायला द्यायचं नाही, पाणी मात्र सकाळपर्यंत ठेवायचं. किडनीच्या मांजराचं पाणी तोडायचं नसतं.

हे मी गुरुवारच्या आधी लिहून टाकते आहे, ते मुद्दाम. ठकी घरी आली तर तुम्ही म्हणाल, काकूंचं बरोबर होतं. नाही आली तर म्हणाल, आम्ही सांगत होतो. दोन्ही चूक. शिक्षक म्हणून मी आयुष्यभर एक गोष्ट पाळली. गणितात उत्तर चुकलं तरी रीत बरोबर असेल तर रीतीचे गुण द्यायचे, आणि नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून पैकीच्या पैकी द्यायचे नाहीत. माझी रीत वर मांडली आहे. तपासा. चूक सापडली तर लाल शाईने खूण करा, मी मान्य करीन.

फोन शुक्रवारनंतर करावेत. आणि बोलायला सुरुवात कुठूनही करा, फक्त "वय" या शब्दापासून नको.

ठकी आत्ता माझ्या चष्म्याच्या घरावर हनुवटी टेकून झोपली आहे. डाव्या कुशीवर. असो.